आजोबांच्या ट्रंकेतील चार बिल्ले : चित्राआधी पाठ पाहा

नमस्कार. आपला प्रश्न मला समजला तो असा : कामठीच्या जुन्या घराची आवराआवर करताना आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत चार बिल्ले निघाले, तीन कापडी आणि एक चामड्याचा. आजोबा दुसऱ्या महायुद्धात ‘विमानदळात होते’, याहून अधिक घरात कोणालाच ठाऊक नाही. हे बिल्ले कोणत्या स्क्वाड्रनचे, म्हणजे विमानदळाच्या कोणत्या तुकडीचे, खरे की नकली, आणि धुऊन फ्रेममध्ये लावावेत काय, हे आपल्याला हवे आहे. आपण चारही बिल्ल्यांच्या दर्शनी बाजूचे फोटो दिले आहेत आणि इंटरनेटवरील चित्रांशी ताडून चामड्याच्या बिल्ल्याला ‘फ्लाइंग टायगर्स’ असे नावही देऊन टाकले आहे.

धुण्याचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे चार दिवस थांबले तरी चालेल. धुऊ नका. ओल्या फडक्याने पुसूही नका. मी या छंदात नवा असताना लाल-पांढऱ्या फेल्टचा (दाबून केलेल्या लोकरी कापडाचा) एक बिल्ला रिठ्याच्या कोमट पाण्यात घातला होता. आईच्या रेशमी साड्या रिठ्यातच धुतल्या जात, तेव्हा त्यात काय वावगे, असा माझा हिशेब होता. दोन मिनिटांत लाल रंग सुटला आणि पांढरा भाग कायमचा गुलाबी झाला. तो बिल्ला आजही माझ्याकडे आहे आणि शिकायला येणाऱ्यांना मी तोच पहिल्यांदा दाखवतो.

आता मूळ प्रश्न. ‘हा कोणत्या स्क्वाड्रनचा’ असे आपण विचारता, तेव्हा त्यात तीन निराळे प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. बिल्ल्यावरचे चित्र कोणाचे आहे, हा पहिला. ही वस्तू केव्हा आणि कुठे बनली, हा दुसरा. ती आपल्या आजोबांच्या ट्रंकेत कशी आली, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर सर्वांत सोपे असते आणि त्याचाच उपयोग सर्वांत कमी होतो, कारण चित्राची नक्कल कोणीही करू शकतो. खरी माहिती देतो तो दुसरा प्रश्न, आणि त्याचे उत्तर बिल्ल्याच्या पाठीवर असते. आपण पाठीचे फोटो दिलेले नाहीत, म्हणून पुढे मी जे लिहितो आहे त्यातील बराच भाग ‘असे दिसल्यास असे’ या स्वरूपाचा राहील. फोटोवरून छातीठोक निकाल देणाऱ्यावर आपण विश्वास ठेवू नये, आणि त्यात मीही आलो.

आपल्या शहराविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपुरात असल्यामुळे वायुसेना नगरातून निवृत्त झालेली अनेक कुटुंबे येथेच स्थायिक झाली आहेत. त्यांच्या कपाटांतून निघणारे बिल्ले स्वातंत्र्यानंतरचे असतात, आणि जुन्या वस्तूंच्या बाजारात ते युद्धकाळातील मालाबरोबर एकाच डब्यात पडलेले असतात. सोनेगावच्या विमानतळाचा युद्धकाळात रॉयल एअर फोर्सने वापर केला हे खरे आहे, पण त्यामुळे नागपुरात मिळणारा प्रत्येक बिल्ला त्या काळातला ठरत नाही. मी येथे हाताळलेल्या दहा बिल्ल्यांपैकी सात-आठ नंतरचे निघतात. म्हणून माझी सुरुवात नेहमी ‘हा नंतरचा असावा’ या गृहीतकापासून होते, आणि बिल्ल्यानेच मला त्यावरून हलवावे अशी माझी अपेक्षा असते.

पाठ म्हणजे नेमके काय पाहायचे, हे मला पुस्तकांनी शिकवले नाही. इतवारीत साड्यांवर जरदोजीचे काम करणारे एक वयस्कर कारागीर होते. त्यांच्याकडे मी एकदा जरीचा एक बिल्ला घेऊन गेलो. त्यांनी चित्राकडे पाहिलेसुद्धा नाही. बिल्ला पालथा घातला, अस्तराची एक सुटलेली कड नखाने अलगद उचलली, आतल्या गाठी पाहिल्या आणि म्हणाले, “हे एका माणसाचे काम नाही. कड एकाने भरली आहे, मधला भाग दुसऱ्याने. कडेचा हात घाईचा आहे.” मग त्यांनी जरीच्या एका टोकाला बोट लावून दाखवले : बारीक तारेचे वेटोळे, त्यावरचा रुपेरी मुलामा झिजलेला, आत तांब्याची लाली आणि तिच्या फटीत हिरवट कळंक. “ही तार आता कोणी वापरत नाही. आता प्लास्टिकची जर येते, ती म्हातारी होत नाही,” हे त्यांचे शेवटचे वाक्य माझ्या कायमचे ध्यानात राहिले आहे.

यामागचे कारण असे. 1942 पासून अमेरिकेच्या हवाई तुकड्या आसाम आणि बंगालमध्ये मोठ्या संख्येने आल्या. चाबुआसारख्या तळांवरून हिमालयापलीकडे चीनला रसद जात होती आणि 1944 मध्ये खरगपूर परिसरातील तळांवर बी-29 बॉम्बफेकी विमाने दाखल झाली. अमेरिकेत बनलेले बिल्ले समुद्रमार्गे येण्याची वाट पाहण्यापेक्षा कलकत्त्याच्या शिंप्याकडून करून घेणे सोपे होते, शिवाय ते दिसायलाही झोकदार असत. त्यामुळे जरीचे, रेशमाचे, फेल्टचे आणि रंगीत चामड्याचे तुकडे जोडून केलेले असे भारतीय बनावटीचे बिल्ले त्या काळात निघाले, आणि जगभरचे संग्राहक आज त्यांना वेगळा मान देतात. अडचण अशी की ही कारागिरी कधी थांबलीच नाही. वाराणसी आणि सियालकोट येथून जरीचे बिल्ले आजही साऱ्या जगात जातात. ‘हाताने भरलेले, भारतीय काम’ हे अस्सलपणाचे लक्षण असते तसेच नव्या नकलेचेही असते. इतर देशांतील संग्राहक येथे हमखास फसतात. आपल्याला जरीकाम जाणणारा माणूस दोन गल्ल्यांवर भेटतो, तेव्हा त्याला विचारण्यात संकोच करू नये.

आपल्या पहिल्या बिल्ल्याकडे येतो. ढालीचा आकार, खाली लाल-पांढरे उभे पट्टे, वर निळी पट्टी, तिच्यात एका बाजूला किरणांचा पांढरा सूर्य आणि दुसऱ्या बाजूला तारा. हे स्क्वाड्रनचे चिन्ह नाही. चीन-ब्रह्मदेश-भारत या अमेरिकी युद्धक्षेत्राची ही खांद्यावरची खूण आहे. सूर्य चीनच्या राष्ट्रवादी सरकारचा आणि तारा भारताचा. विमानदळाच्या माणसांनी ती लावली, तशीच रस्ते बांधणाऱ्यांनी आणि ट्रक चालवणाऱ्यांनीही लावली. सूर्याला बारा किरण असावेत, पण स्थानिक कारागिरांच्या हातून ही संख्या बदललेली दिसते. म्हणून किरण चुकले तर बिल्ला नकली, असा निष्कर्ष काढू नये. उलट यंत्राने भरलेला, किरण अगदी काटेकोर आणि दोरा एकसारखा चकाकणारा असेल, तर मी अधिक सावध होईन. आपल्या फोटोत जर काळवंडलेली दिसते, ही चांगली खूण आहे. मात्र काळवंडणे सगळीकडे सारखे आहे, की हात लागतो त्या उंचवट्यांवर झिजून तार उघडी पडली आहे, हे पाहावे. मुद्दाम जुना केलेला बिल्ला चहाच्या पाण्यात बुडवलेला असतो. त्याचा डाग पुढेमागे, टाक्यांच्या खालीसुद्धा एकसारखा पसरतो. खऱ्या वापरातला बिल्ला कोटावर शिवलेला असल्याने त्याची पाठ पुढच्या बाजूपेक्षा ताजी राहते.

दुसरा बिल्ला, काळ्या चौकोनावर पंख पसरलेला लाल गरुड. गरुड उडतो म्हणून तो विमानदळाचा, अशी आपली समजूत झाली आहे, आणि ती स्वाभाविक आहे. परंतु हे चौथ्या भारतीय डिव्हिजनचे, म्हणजे भूदलाचे चिन्ह आहे. ही डिव्हिजन इरिट्रियात केरेनला, उत्तर आफ्रिकेत आणि 1944 मध्ये इटलीत कॅसिनोला लढली. पक्षी, पंख, वीज आणि तारे ही चित्रे भूदलानेही मुक्तहस्ते वापरली आहेत. आग्नेय आशिया कमांडचा फिनिक्स, म्हणजे ज्वाळांतून उठणारा पक्षी, हेही याचेच उदाहरण : तिन्ही दलांच्या संयुक्त कमांडचे चिन्ह पाहून लोक त्याला हवाई स्क्वाड्रनचा बिल्ला समजतात. म्हणून चित्रात काय आहे यापेक्षा त्याची चौकट, आकार आणि तो कोठे लावला जात असे, याचा विचार आधी करावा. चौरस, साध्या कापडाचा, बाहीवर लावायचा बिल्ला दिसला की माझे मन प्रथम भूदलाकडे जाते.

तिसऱ्या बिल्ल्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण याच जातीच्या बिल्ल्यांवर लोक सर्वाधिक पैसे घालवतात. मीही घालवले आहेत. गोल चौकट, वर मुकुट, मध्ये पक्षी, खाली ब्रीदवाक्याची फीत आणि चौकटीत स्क्वाड्रनचा क्रमांक. ही रॉयल एअर फोर्सच्या अधिकृत स्क्वाड्रन चिन्हाची मांडणी आहे. अशी चिन्हे 1936 पासून राजाच्या मंजुरीने दिली जाऊ लागली, म्हणजे चित्र युद्धापूर्वीचे असू शकते. पण युद्धकाळात ब्रिटिश वैमानिक आपल्या स्क्वाड्रनचे चिन्ह कापडी बिल्ल्याच्या रूपात सहसा गणवेशावर लावत नसत. त्यांच्या छातीवर वैमानिकाचे पंख असत, आणि स्क्वाड्रनची ओळख विमानावरच्या अक्षरांत असे. उड्डाणाच्या कपड्यांवर चौकटीसह चिन्ह लावण्याची पद्धत पुढे रुळली. अमेरिकी वैमानिकांचा रिवाज निराळा होता. चामड्याच्या जाकिटावर छातीच्या डाव्या बाजूला स्क्वाड्रनचा मोठा बिल्ला ते हौसेने लावत. चित्रपट आणि छायाचित्रे पाहून आपण अमेरिकी सवय ब्रिटिशांना आणि आपल्या वायुसेनेलाही चिकटवतो, आणि विकणारे नेमका त्याचाच फायदा घेतात. सुरुवातीच्या काळात मी असाच एक बिल्ला ‘1944 चा’ म्हणून 1,200 रुपयांना घेतला होता. घरी येऊन पालथा केला तर पाठीवर इस्त्रीने चिकटवायचा प्लास्टिकचा थर होता.

मुकुटाची परीक्षा येथे कामी येते. राजे जॉर्ज सहावे यांच्या काळातील मुकुटाच्या कमानी वर गोलाकार फुगतात. राणी एलिझाबेथ यांच्या कारकिर्दीत, 1953 च्या सुमारापासून, मधोमध खोलगट झालेल्या कमानींचा मुकुट आला. संग्राहक यांना ‘किंग्ज क्राउन’ आणि ‘क्वीन्स क्राउन’ म्हणतात. कमानी खोलगट असतील तर तो बिल्ला महायुद्धाचा नाही, येथे चर्चा संपते. कमानी गोल असतील तर मात्र पूर्वीइतके निश्चिंत होता येत नाही, कारण 2022 मध्ये राजे चार्ल्स यांनी पुन्हा गोल कमानींचा मुकुट निवडला आणि आता नवे बिल्लेही त्याच मुकुटाचे निघू लागले आहेत. आपल्या फोटोत मुकुटावर उजेड चमकल्याने कमानी स्पष्ट दिसत नाहीत. कड मात्र दिसते : जाड, गोल, दोरीसारखी गुंडाळलेली. अशी ओव्हरलॉक केलेली कड 1960 च्या दशकापासून सर्रास दिसू लागली. युद्धकाळातील यंत्रावर भरलेल्या बिल्ल्यांची कड बहुधा नुसती कापलेली असते. एवढ्यावरून हा बिल्ला पुष्कळ नंतरचा आहे, असे मला बऱ्याच खात्रीने वाटते.

आपल्या स्वतःच्या वायुसेनेचे बिल्ले ओळखताना तर नुसत्या तीन तारखा पाठ असल्या तरी पुष्कळ काम होते. इंडियन एअर फोर्सची स्थापना 8 ऑक्टोबर 1932 ची. ‘रॉयल’ ही उपाधी 12 मार्च 1945 ला मिळाली आणि 26 जानेवारी 1950 ला गेली. म्हणजे ज्या वस्तूवर ‘आर.आय.ए.एफ.’ अशी अक्षरे आहेत ती या पाच वर्षांतली, आणि त्यातले युद्धाचे महिने जेमतेम पाच. लोक असा बिल्ला दाखवून आजोबा 1943 मध्ये इम्फाळला होते असे सांगतात. आजोबा असतीलही, पण त्या वेळी हा बिल्ला त्यांच्या अंगावर असणे शक्य नाही. मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह असतील तर वस्तू प्रजासत्ताक काळातली.

चौथा, चामड्याचा गोल तुकडा, आपल्याला सर्वांत मोलाचा वाटतो आहे. पंख असलेला वाघ दिसला की सगळे ‘फ्लाइंग टायगर्स’ म्हणतात, पण या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. मूळचा अमेरिकन व्हॉलंटियर ग्रुप, म्हणजे चेनॉल्ट यांच्या नेतृत्वाखाली चीनच्या बाजूने लढणारा अमेरिकी स्वयंसेवकांचा गट, तीनच स्क्वाड्रनांचा होता आणि 4 जुलै 1942 ला तो विसर्जितही झाला. त्याच्या चिन्हातला वाघ इंग्रजी ‘व्ही’ अक्षरातून झेप घेतो. ते चित्र डिस्नेच्या चित्रकारांनी काढले होते. पुढे मार्च 1943 मध्ये चेनॉल्ट यांच्याच हाताखाली अमेरिकेची चौदावी एअर फोर्स उभी राहिली. तिच्या खांद्यावरच्या खुणेत निळ्या वर्तुळात पंखधारी वाघ आणि वर तारा आहे. आपल्या फोटोत ‘व्ही’ नाही, तारा आहे. म्हणजे चित्र चौदाव्या एअर फोर्सचे आहे, आणि तीही स्क्वाड्रन नसून तिच्याहून फार मोठी रचना आहे. पहिल्या गटाची माणसेच मोजकी होती, त्यामुळे त्यांच्या नावावर विकल्या जाणाऱ्या वस्तूंची संख्या पाहून मला हसू येते.

चामड्याच्या बाबतीत भिंग घेऊन कडेची शिवणीची छिद्रे तपासा. जाकिटावरून उतरवलेल्या तुकड्याची छिद्रे थोडी ताणलेली, लांबट असतात, आणि दोऱ्याखाली झाकलेल्या पट्टीचा रंग आसपासपेक्षा वेगळा राहतो. नुसती टोचलेली गोल छिद्रे मला पटत नाहीत. जुना रंग चामड्याच्या सुरकुत्यांबरोबर तडकतो. नवा प्लास्टिकी रंग पापुद्र्यासारखा उचलला जातो.

कापडी बिल्ल्यांसाठी आणखी दोन चाचण्या आहेत, दोन्ही मर्यादा ओळखून कराव्यात. सीताबर्डीला नोटा तपासण्याचा जांभळा दिवा स्वस्तात मिळतो. अंधाऱ्या खोलीत त्याच्या उजेडाखाली पांढरा दोरा निळसर झगमगला, तर त्यात युद्धानंतर प्रचारात आलेली उजळवणारी रसायने आहेत. पण हीच रसायने आजच्या धुण्याच्या पावडरीतही असतात, त्यामुळे कोणी आईने किंवा आत्याने एकदा धुतलेला अस्सल बिल्लाही झगमगतो. झगमगला नाही तर चांगले. झगमगला म्हणून लगेच फेकू नये. दुसरी चाचणी जाळण्याची, आणि ती केवळ पाठीवरच्या आधीच सुटलेल्या दोऱ्याच्या टोकावर, चिमट्यात धरून, बिल्ल्यापासून दूर. सुती दोरा कागदासारखा जळून भुरी राख होतो, लोकरीला केस जळाल्याचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनतो. पॉलिएस्टरचा दोरा बाजारात आला तो युद्धानंतर, त्यामुळे मणी झाला की बिल्ला बहुधा युद्धानंतरचा. सुटलेला दोरा नसेल तर ही चाचणी करूच नये.

तिसरा प्रश्न राहिला : आजोबांचा. घरच्या बोलण्यातले ‘विमानदळ’ हा फार ऐसपैस शब्द आहे. त्यात फिटर, रिगर, चालक, कारकून, धावपट्टीवरचा कंत्राटी मुकादम, सारे मावतात. वायुसेनेच्या अगदी आरंभीच्या काळात जमिनीवरील तांत्रिक माणसांना ‘हवाई सिपाही’ म्हणत, तेव्हा कागदावर ‘सिपाही’ दिसला म्हणून भूदल समजू नये. शिवाय सैनिक एकमेकांत बिल्ले बदलत, विकत घेत, आठवण म्हणून ठेवत. अमेरिकी खूण, भूदलाचा गरुड आणि खूप नंतरचा ब्रिटिश बिल्ला एकाच ट्रंकेत असणे, हे मला एका माणसाच्या सेवेपेक्षा एका हौशी माणसाच्या जमवाजमवीसारखे दिसते. यात काही कमीपणा नाही. मात्र फ्रेमखाली ‘आजोबांचे स्क्वाड्रन’ असे लिहिण्याची घाई करू नका.

सेवेचा खरा पुरावा बिल्ल्यांपेक्षा पदकांत सापडतो. ब्रिटिश सैनिकांना दिलेली त्या युद्धाची पदके कोरी असतात, परंतु भारतीयांना दिलेल्यांवर बहुधा क्रमांक, नाव आणि दल कोरलेले असते. गोल पदकाच्या जाडीवर आणि ताऱ्याच्या पाठीवर ते पाहावे. क्रमांक मिळाला की निवृत्तीचे कागद शोधण्याला दिशा येते, आणि स्क्वाड्रन कळले तर लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमधील त्या स्क्वाड्रनच्या रोजच्या नोंदवह्यांपर्यंत जाता येते. त्यांत ठिकाणे आणि उड्डाणे तारखेनिशी असतात.

तोवर बिल्ले कसे ठेवावेत, तर फेविकॉल, सेलोटेप आणि लॅमिनेशन या तिन्हींपासून दूर. प्रत्येक बिल्ला वेगळ्या, रंग न दिलेल्या, धुतलेल्या सुती कापडात आडवा ठेवावा, घडी घालू नये. डांबराच्या गोळ्या ठेवायच्याच असतील तर कापडाला टेकू न देता पुडीत. नागपूरचा कोरडा उन्हाळा कापडाला पावसाळ्याइतका छळत नाही, पण आपण मे महिन्यात कूलर लावतो आणि त्याचा ओला झोत ज्या कपाटावर येतो तेथे ऐन 45 अंशांतही बुरशी धरते; माझ्या दोन फेल्टच्या बिल्ल्यांचे असेच झाले. फ्रेम करायचीच असेल तर काचेला कापड टेकणार नाही अशी खोल करून घ्या आणि पश्चिमेच्या भिंतीवर टांगू नका.

आता आपल्याकडून मला हवे ते सांगतो. चारही बिल्ल्यांच्या पाठीचे फोटो, सकाळी खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, शेजारी मोजपट्टी ठेवून. तिसऱ्याच्या मुकुटाचा जवळून एक. आणि ट्रंकेच्या झाकणाचा एक, कारण त्या काळी ट्रंकेवर नाव आणि क्रमांक रंगाने लिहीत असत आणि पुढे घरात तिच्यावर दुसरा रंग चढे. टॉर्च झाकणाला जवळजवळ समांतर धरलीत, तर खालच्या अक्षरांच्या कडा वर उमटतात का ते पाहा.